त्वचा विकत आणावी की वाढवावी? बुरशीच्या चाचण्यांचा खर्चाचा हिशेब

नायट्यावरचं मलम किंवा साबण बनवणाऱ्या छोट्या उत्पादकाला हल्ली कुणी ना कुणी सल्ला देतंच, 'थ्रीडी स्किन मॉडेलवर टेस्ट करून घ्या, मग माल आपोआप उठेल.' मायक्रोबायोलॉजीत पीएच.डी. करणाऱ्यालाही गाइडकडून तेच ऐकावं लागतं, फक्त तिथं माल उठण्याऐवजी पेपर छापून येण्याची लालूच असते. दोघांचाही पुढचा प्रश्न एकच: पडतं किती? याचं सरळ उत्तर मिळत नाही. विकणाऱ्या कंपन्या दर जाहीर करत नाहीत, डीलर 'मेल टाका, कोटेशन पाठवतो' म्हणतो आणि कोटेशन येतं तेव्हा त्यात निम्मा खर्च लिहिलेलाच नसतो. म्हणून हा हिशेब. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. पुण्या-मुंबईत डीलरगणिक दर बरेच वरखाली होतात, तेव्हा निदान तीन कोटेशनं मागवाच.

आधी वस्तू काय आहे ते बघू. करंगळीच्या टोकाएवढी प्लास्टिकची वाटी, तिला तळाशी सच्छिद्र पडदा. लॅबमधली मुलं हिला 'इन्सर्ट' म्हणतात. या पडद्यावर माणसाच्या त्वचेतल्या केराटिनोसाइट पेशी पेरतात. पहिले दोन-तीन दिवस त्या पोषक द्रवात, म्हणजे मीडियात, बुडवून ठेवतात. मग वरचा मीडिया काढून घेतात. आता पेशींना अन्न फक्त खालून, पडद्यातून मिळतं आणि वरची बाजू हवेला उघडी राहते. हवा लागली की पेशी थरावर थर रचू लागतात आणि दहा-चौदा दिवसांत वर खरखरीत, मृत पेशींचा केराटिनचा थर तयार होतो. पारदर्शक पडदा मळकट पांढरा, किंचित कोरडा दिसू लागला की समजायचं, त्वचा जमली. मग त्यावर बुरशीचे बीजाणू मोजून टाकायचे, औषध लावायचं आणि काप घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. काचेच्या थाळीतल्या सपाट पेशींच्या एकेरी थरावर हे दिसत नाही, कारण नायट्याची बुरशी जगते तीच त्या वरच्या केराटिनवर. तो थर नसेल तर तिला खायलाच काही नाही.

पण पाकीट काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपल्याला हे खरंच लागणार आहे का? मलमातला घटक बुरशी मारतो की नाही, एवढंच जाणून घ्यायचं असेल तर त्यासाठी त्वचा लागत नाही. बुरशीची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, म्हणजे एमआयसी, साध्या प्लेटमध्ये काढता येते. दोऱ्यासारख्या वाढणाऱ्या बुरशीसाठी सीएलएसआय या प्रमाणसंस्थेची एम३८ आणि यीस्टसाठी एम२७ ही पद्धत ठरलेली आहे. एका स्ट्रेनचं काम बाहेरून करून घेतलं तरी काही हजारांत भागतं. ज्या घटकाला इथंच दम नाही, त्याला त्वचेवर चढवून दीड लाख घालवण्यात अर्थ नाही. असे दीड लाख घालवणारे भेटतात, म्हणून सांगतो.

एमआयसी करतानाच स्ट्रेनची निवड नीट करा. जुन्या, पुस्तकी, औषधाला चटकन मरणाऱ्या स्ट्रेनवर आलेला निकाल आजच्या रुग्णाला लागू पडत नाही. आपल्याकडचा नायटा गेल्या दशकात बदलला आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिलं. तिच्या अनेक स्ट्रेनवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही, कारण ते ज्या एन्झाइमवर हल्ला करतं त्याच्या जनुकातच बदल झालेले असतात. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांच्या बेसुमार वापराने हा आजार चिवट केला, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. तेव्हा उत्पादन भारतात विकायचं असेल तर चाचणीत ही बुरशी असलीच पाहिजे. रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह चंडीगडच्या पीजीआयएमईआरमध्ये आहे. तिथून स्ट्रेन मागवताना संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज आणि जैवसुरक्षेची हमी द्यावी लागते. स्ट्रेनची किंमत या सगळ्या खर्चात नगण्य असते, पण पत्रव्यवहाराला लागणारे आठवडे हिशेबात धरा.

एमआयसी चांगली आली आणि आता मलम त्वचेत मुरतं का, केराटिनच्या थरात बसलेल्या बुरशीपर्यंत पोचतं का, त्वचेलाच इजा करतं का हे बघायचंय, तर मात्र त्वचा हवी. ती तीन वाटांनी मिळते.

पहिली वाट तयार विकत घेण्याची. बाजारात नावं मोजकीच. अमेरिकेतल्या मॅटटेकचं एपिडर्म, जे त्यांच्या स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या शाखेतही बनतं, आणि फ्रान्समधल्या ल्योंचं एपिस्किन व स्किनएथिक, ही लॉरेआलच्या घरातली. तुकडा किती मोठा? एपिडर्म ०.६३ चौरस सेंटिमीटर, स्किनएथिक ०.५ आणि एपिस्किन ०.३८. भारतात पोचेपर्यंत अशा एका तुकड्याला पाच-साडेसहा हजार धरून चाला. सुटा तुकडा मिळत नाही. बारा किंवा चोवीसचा संच घ्यावा लागतो. थंड पेटीतल्या विमान वाहतुकीचे, क्लिअरन्स एजंटचे मिळून एका खेपेला तीस ते पन्नास हजार वेगळे. आणि ही जिवंत वस्तू आहे. कारखान्यातून निघाल्यावर थोड्याच दिवसांत वापरावी लागते. कंपन्या ठरावीक वारीच माल पाठवतात. तो शनिवार-रविवार किंवा गणपतीच्या सुट्टीत मुंबईच्या कस्टममध्ये अडकला, तर पेटी उघडल्यावर हाती मेलेली त्वचा येते आणि पैसे परत मागायला कुठं जायचं हेही कळत नाही. ऑर्डर देण्याआधी कॅलेंडर समोर ठेवा. दोन्ही देशांच्या सुट्ट्या बघा. एजंटला माल पोचण्याच्या आठवडाभर आधी कागद द्या.

सीमाशुल्काचंही बघा. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं शुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झालं होतं. संशोधकांनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांतच ते पुन्हा १० वर आलं, पण अंतिम वापराबद्दलच्या अटींसह. डीलर जुन्या दराने कोटेशन देतो आणि अटींचे कागद तुमच्या गळ्यात टाकतो. कागद कोण भरणार, हे कोटेशनवरच लिहून घ्या.

विकतच्या त्वचेबरोबर मीडिया येतो आणि बुरशीचं काम करणाऱ्यांची फसगत इथंच होते. त्या मीडियात बहुधा अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक आधीच घातलेलं असतं. कंपनीला तुकडा निर्जंतुक पोचवायचा असतो, तिचं बरोबरच आहे. पण तुम्ही त्यावर बुरशी टाकणार आणि ती वाढलीच नाही की वाटणार, आपलं मलम काय भारी आहे! म्हणून ऑर्डरमध्ये 'अँटिबायोटिक व बुरशीनाशकविरहित मीडिया' असं वेगळं लिहा. दुसरं, हायड्रोकॉर्टिसोन. केराटिनोसाइटच्या मीडियात ते नेहमीच असतं आणि सूज दाबणं हेच त्याचं काम. त्वचेने बुरशीला काय प्रतिसाद दिला हे मोजायचं असेल तर हायड्रोकॉर्टिसोनशिवायचा मीडियाही मागावा लागतो. असे दोन्ही मीडिया कंपन्यांकडे मिळतात, फक्त मागावे लागतात.

आता एका प्रयोगाचा हिशेब. नुसती त्वचा, बुरशी लावलेली त्वचा, बुरशी अधिक औषधाशिवायचं कोरं मलम, बुरशी अधिक तुमचं मलम, बुरशी अधिक बाजारातलं नावाजलेलं औषध आणि बुरशीशिवाय तुमचं मलम, म्हणजे इजा होते का ते बघायला. झाले सहा गट. प्रत्येकी तीन तुकडे, म्हणजे अठरा. कोरं मलम वगळून पैसे वाचवायचा मोह होतो. वाचवू नका. कित्येक मलमांचा बेसच बुरशीची वाढ रोखतो आणि श्रेय औषधाला जातं. अठरासाठी चोवीसचा संच घ्यावा लागतो. उरलेले सहा हात बसवायला, बीजाणूंची मात्रा ठरवायला कामी येतात. सहा हजारांनी चोवीसचे १,४४,००० रुपये, वाहतुकीचे साधारण ४०,०००. एका खेपेचे १,८४,००० झाले, म्हणजे वाहतूक धरून तुकडा साडेसात हजारांच्या पुढे गेला. प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा केल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही आणि त्वचा साठवून ठेवता येत नाही, म्हणजे तीन खेपा. आकडा साडेपाच लाखांच्या घरात जातो. यात अजून काहीही मोजलेलं नाही, फक्त त्वचा आली आहे.

दुसरी वाट स्वतः वाढवण्याची. हिची स्वस्ताई कागदावर फार गोड दिसते. इन्सर्ट तीनशे ते पाचशेला, दोन आठवड्यांचा मीडिया आणि वाढीचे घटक सातशे ते हजार. तुकडा हजार-दीड हजारात पडतो. पण त्याआधी खोली लागते. देशी बनावटीचा बायोसेफ्टी हूड दीड ते अडीच लाख, कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर तेवढाच, इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप दोन लाखांच्या आसपास, सेंट्रिफ्यूज, द्रव नायट्रोजनचा कॅन, यूपीएस. आठ लाख कुठं गेले ते कळत नाही. आणि बुरशीसाठी वेगळा हूड, वेगळा इन्क्युबेटर हवाच. ज्या इन्क्युबेटरमध्ये पेशी वाढतात त्यातच ट्रायकोफायटन ठेवलं, तर पुढचे दोन महिने लॅबभर कंटॅमिनेशन निस्तरण्यात जातील आणि शेजारच्या टेबलावरचे लोक तुमच्याशी बोलायचे बंद होतील. विभागात एखादा जुना, इतर कामातून निवृत्त झालेला इन्क्युबेटर असेल तर तो मागून घ्या. बुरशीला तो पुरतो.

पेशी कुठून आणायच्या? पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून, हाकॅट ही सेल लाइन मिळते. महाराष्ट्रातल्या बहुतेक लॅब तिथूनच आणतात. दर परवडणारा, अंतर कमी. पण हाकॅटचा एक दोष नीट समजून घ्या. १९८८ मध्ये हायडेलबर्गच्या लॅबने प्रसिद्ध केलेली ही लाइन दणकट आहे, कितीही वाढते, पण हवेत उघडी ठेवली तरी केराटिनचा थर नीट धरत नाही. सूज, इजा, कॅन्डिडाचं चिकटणं बघायला ती चालेल. नायट्याला नाही. त्यासाठी एन-टर्टसारखी लाइन हवी, जी करारनामा करून परदेशातून आणावी लागते, किंवा नवजात बाळांच्या कातडीतून काढलेल्या पेशी. त्यांची एक शीशी साठ हजार ते लाखाच्या दरम्यान पडते आणि चार-पाच वेळा वाढवल्यावर थकते. शल्यक्रियेत काढलेली त्वचा एखाद्या रुग्णालयाकडून मिळवता येते, पण त्यासाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती हवी. समितीची बैठक महिन्या-दोन महिन्यांनी भरते.

सगळ्यात महाग पडतो तो हात. कोटेशनवर येत नाही असा खर्च हाच. त्वचा वाढवणं हे लोणचं घालण्यासारखं आहे: कृती सगळ्यांना सारखीच मिळते, पण पहिल्या खेपा बुरसतातच. दर दोन दिवसांनी मीडिया बदलायचा, रविवारीही. वर एक थेंब सांडला तर तो तुकडा गेला. नवीन मुलाला किंवा मुलीला हे नीट जमायला सहा महिने लागतात. ज्युनिअर रिसर्च फेलोचं विद्यावेतन २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. सहा महिन्यांचे २,२२,००० झाले, घरभाडं वेगळं. म्हणजे सेल कल्चरची खोली आधीपासून आहे असं धरलं तरी, चाळीस-पन्नास तुकड्यांच्या पुढे काम जाणार असेल तरच स्वतः वाढवणं फायद्याचं. खोलीच नसेल तर पावणेदोनशे तुकड्यांपर्यंत विकतची त्वचाच स्वस्त. एकच उत्पादन तपासायला लॅब उभारणाऱ्या उत्पादकाचं मला नवल वाटतं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण बँकेच्या हप्त्याला असतं.

वाढवायचंच ठरलं असेल, तर जर्मनीतल्या हेंकेल कंपनीने आपल्या त्वचा-प्रारूपाची कृती खुली केलेली आहे, तिच्यापासून सुरुवात करा. मायक्रोस्कोपी वगैरे महागड्या गोष्टींसाठी केंद्र सरकारचं आय-स्टेम हे पोर्टल बघा. देशभरातल्या संस्थांची यंत्रं तिथं ताशी दराने आरक्षित करता येतात. विद्यार्थ्यांचा दर आणि उद्योगांचा दर यांत फार तफावत असते. नवउद्योजकांसाठी बायरॅक या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि तिच्या अर्जात असा हिशेब जसाच्या तसा वापरता येतो.

तिसरी वाट काम बाहेर देण्याची, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट लॅब. वर सांगितलेल्या अठरा तुकड्यांच्या एका फेरीला चार ते सात लाख आणि वर १८ टक्के जीएसटी, अशी मनाची तयारी ठेवा. इथं एक शब्द फार चालतो: 'ओईसीडी प्रमाणित मॉडेल'. तो खोटा नाही, पण अर्धाच खरा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ४३९ क्रमांकाचं मार्गदर्शक तत्त्व २०१० मध्ये आलं, ते त्वचेला जळजळ होते का हे तपासण्यासाठी. ४३१ आहे ते त्वचा भाजते का यासाठी. बुरशीचा संसर्ग आणि त्यावरचं औषध यांसाठी असं कोणतंही तत्त्व नाही. म्हणजे त्वचा प्रमाणित आहे, तुमची चाचणी नाही. ही लॅब बुरशीच्या चाचणीचा स्वतःचा काय पुरावा दाखवते, ते विचारा. आधीच्या कामाचे नाव झाकलेले काप दाखवा म्हणा. टर्बिनाफिन लावल्यावर बुरशी मेलेली आणि न लावता केराटिनमध्ये धागे घुसलेले, एवढे दोन फोटोही ज्यांच्याकडे नाहीत त्यांना काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

मोजणीच्या पद्धतीवरही खर्च आणि निकाल दोन्ही ठरतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे तुकडा खरवडून थाळीवर पसरायचा आणि वसाहती मोजायच्या. कॅन्डिडासाठी ठीक. नायट्याची बुरशी मात्र लांब धाग्यांची, खरवडताना धागा कुठं तुटेल त्यावर आकडा ठरतो. तिथं बुरशीचा डीएनए मोजणारा क्यूपीसीआर घ्या. काप घेऊन पीएएस रंग दिला की बुरशी गडद गुलाबी दिसते. हे काम नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही होतं, स्लाइडला हजाराच्या आत, फक्त त्यांना आधी सांगावं लागतं की तुकडा एवढासा आहे आणि उभा बसवायचाय, आडवा नाही. सूज मोजणारं एलायझा किट तीस ते साठ हजारांचं, एका प्रयोगासाठी निम्मंही संपत नाही. दोघा-तिघांनी मिळून घ्यावं.

तोंडातल्या, योनीतल्या कॅन्डिडाचा अभ्यास असेल तर गणित सोपं होतं. गालाच्या आतल्या पेशींच्या टीआर१४६ या लाइनवर बरंच काही भागतं. कॅन्डिडा अल्बिकन्स पेशींना भोकं पाडते ती कॅन्डिडालायसिन या विषाने, हे २०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या आणि जर्मनीतल्या येनाच्या गटांनी दाखवलं. त्यातही हीच लाइन वापरली होती. श्वासमार्गाचं काम, म्हणजे अॅस्परजिलस किंवा कोविडकाळात घराघरांत पोचलेली म्युकरमायकोसिसची बुरशी, मात्र महाग. तो थर तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे मीडिया आणि मजुरी दुप्पट. ऑर्गनॉइडचा शौक तर जपून करावा. ते ज्या मॅट्रिजेलमध्ये वाढतात त्याची दहा मिलिलिटरची बाटली तीस-पन्नास हजारांची, उंदराच्या गाठीपासून बनलेली, आणि दहा अंशांच्या वर गेली की बाटलीतच गोठते. वीज गेली, फ्रीज तापला की पैसे पाण्यात.

एका मधल्या पायरीचा विसर पडू नये. मेणकिड्याच्या, म्हणजे गॅलेरियाच्या अळीत बुरशी टोचून औषध तपासता येतं. अळी काही रुपयांत मिळते, प्राणी-प्रयोग समितीची परवानगी लागत नाही आणि निकाल आठवड्यात. हा त्वचेला पर्याय नाही, पण पाच मलमांतून दोन निवडायला पुरेसा आहे.

उत्पादकांसाठी कायद्याचं. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत बदल होऊन अशा बिनप्राणी पद्धतींना जागा मिळाली. याचा अर्थ त्वचेच्या तुकड्यावर बुरशी मेली की डबीवर 'नायटा बरा करते' छापता येतं, असा नाही. बरं करण्याचा दावा केला की वस्तू औषध ठरते आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. प्रयोगाचा अहवाल त्या फाइलमधला एक कागद असतो, बाकीची फाइल आहेच.

काम बाहेर देताना परचेस ऑर्डरवर चार ओळी जास्तीच्या लिहा. बुरशीचा स्ट्रेन कोणता आणि कुठल्या संग्रहातला, क्रमांकासह. मीडिया बुरशीनाशकविरहित. बुरशी न लावलेले तुकडे प्रयोगाच्या शेवटी जिवंत नसतील किंवा बुरशी लावलेल्या तुकड्यांत संसर्गच दिसला नाही, तर संपूर्ण फेरी लॅबने स्वतःच्या खर्चाने पुन्हा करायची. कच्चे आकडे आणि सगळ्या कापांचे फोटो तुमच्या मालकीचे. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि शेवटचा हप्ता फोटो हातात आल्यावरच सोडा.